माप कुठून धरायचं

कुरखेडा मागे टाकून आम्ही तीन कोस चाललो असू. धानाच्या बांध्या संपल्या होत्या, कापणी होऊन महिना उलटला होता, आणि सागाचं जंगल लागलं होतं. पुढे अजून दोन-अडीच कोस बाकी होते. लटारूभाऊ माझ्या चार पावलं पुढे चालत होते. सकाळपासून ते एवढंच बोलले होते की तुमची चप्पल टिकेल का. मग एकाएकी थांबले आणि मागे वळले.

"बाई, पोचूच्या बापाले काय सांगाचं ते तुमी मले आधी सांगून ठेवा. मी तिथी जाऊन मुका होईन."

"जे झालं ते सांगायचं," मी म्हटलं.

"जे झालं ते एका वाक्यात बसत नाई ना."

"मग दोन वाक्यांत सांगा."

"तुमी शाळेतल्यासारक्या बोलता. मी सांगीन का चाकाचं माप बरोबर होतं, आन मंग सांगीन का चाक वाकडं होतं. म्हातारा म्हनल, लटारू, तू पिऊन आला काय?"

एवढं बोलून ते पुन्हा चालू लागले. त्यांच्या खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेला लाकडी साचा होता. दोन फूट व्यासाचं गोल चाक. मी म्हटलं होतं, एवढं ओझं कशाला, तर म्हणाले, दाखवल्याशिवाय कोण मानते.

लटारूभाऊ जातीनं वाढई, म्हणजे सुतार. कुरखेड्याच्या बाजूच्या एका लहान गावातले. त्यांच्या वडिलांचं काम बैलगाड्यांचं, तेच त्यांनी धरलं. पंचवीस वर्षं त्यांनी चाकं केली. त्यांच्या चाकाची गाडी जंगलातून लाकडं भरून आली तरी कुरकुरत नसे, असं लोक सांगत. पुढे लाकडाच्या ठेकेदारांनी मोटारी आणल्या आणि गाड्यांचं काम कमी झालं. तेव्हा ते बायकोला, धुरपताबाईंना घेऊन चांद्याला आले. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. तिथून जवळ वर्धा नदीच्या अंगाला एक कोळशाची खाण होती. आधी त्यांनी खाणीत लाकडी टेकू बसवले. हाताचं काम बघून त्यांना वर्कशॉपात घेतलं. तिथे त्यांचं काम साचे करायचं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडाची प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात.

मी त्याच वस्तीतल्या शाळेत शिकवायची. सरकारनं प्रौढांचे वर्ग काढले तेव्हा संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे आला. दिवा लावून, हात जोडून मी सुरुवात करायची. बारा-तेरा पुरुष यायचे, त्यातले निम्मे झोपायचे. लटारूभाऊ झोपत नसत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण पाटीवर आकडा काढताना जीभ दातांत धरायचा. त्यांना अक्षरांची घाई नव्हती, आकड्यांची होती. कारण वर्कशॉपात काम कागदावरून यायचं. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. त्याला सगळे ड्रॉइंग म्हणत. ओव्हरसियर तो वाचून सांगायचा, आणि सांगताना चिडायचा.

एकदा ते असा एक कागद घडी करून वर्गात घेऊन आले. चाकाचा कागद होता. खाणीच्या उतारावरून कोळशाचे टब लोखंडी दोरानं वर ओढतात. वळणावर तो दोर एका चाकाच्या खाचेतून जातो. ते चाक.

आकडे मला कळले. इंग्रजी पाचवीपासून होतं, तेवढं वाचता येत होतं. बाहेरचा घेर, खाचेची रुंदी, मधल्या भोकाचा व्यास, तुंब्याची जाडी. गाडीच्या चाकाचा मधला जाड भाग असतो तो तुंबा, तसाच इथेही. प्रत्येक आकड्यापुढे अधिकची खूण आणि तिच्याखाली उण्याची.

"एकाच आकड्यापुढं दोन्ही काऊन?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एवढं जास्त झालं तरी चालेल आणि एवढं कमी झालं तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

"म्हंजे कागदालेबी खात्री नाई," ते म्हणाले. वर्गातले जागे होते ते हसले.

मग ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. "बाई, जाडीले अर्धा सूत इकडं-तिकडं चालते म्हनते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "पन जाडी कोन्या बाजूनं मोजाची? कोन्ती बाजू पयली?"

मी कागद उलटा-सुलटा केला. तसं कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "आकडे सगळे आलेत ना, मग झालं. कोणत्याही बाजूनं मोजलं तरी जाडी तेवढीच येणार."

हे मी शिकवलं. हे मी बोलले. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी पुढच्या पाढ्याकडे वळले.

त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, ते बापाकडून आलेलं. तुंबा करताना वाढई आधी एक बाजू रंधा मारून अगदी सपाट करतो. तिच्यावर बोटानं गेरूचा ठिपका देतो. ती बाजू म्हणजे त्या लाकडाचं तोंड. मग सगळी मापं तिच्यावरून. आरे तिच्यावरून, भोक तिच्यावरून. मागची बाजू नुसती जाडी पुरी करण्यापुरती, तिच्याकडे कोणी फार बघत नाही. तुंबा लोखंडी वाटी बसवायला लोहाराकडे जातो. लोहार ठिपका बघतो आणि ती बाजू खाली टेकवून काम करतो. सांगावं लागत नाही. त्यांच्या मुलखात हे कोणी कोणाला सांगत नाही.

चाकाचा साचा त्यांनी असाच केला. समोरच्या बाजूला ठिपका दिला. तुंब्याची मागची बाजू एका अंगाला अर्धा सूत उतरलेली होती. कागदाप्रमाणे तेवढं चालत होतं. साचा इनायतकडे गेला.

इनायत चांद्याचा, किल्ल्याच्या आतल्या वस्तीतला. बाप-आजाही ओतकाम करणारे. स्वभावानं भला माणूस. साच्यावर तो काळी भुकटी लावायचा, म्हणजे वाळू चिकटत नाही. ठिपका बघून त्याला वाटलं, वाढयानं नवीन कामाची पूजा केली आहे. देवाचं लेणं उकळत्या लोखंडाच्या घरात जाऊ नये म्हणून त्यानं तो ओल्या फडक्यानं नीट पुसून घेतला. मग काळी लावली. चार चाकं ओतली.

ठिपक्याचा अर्थ माहीत असता तर त्यानं लोखंडावरही तशी खूण केली असती; ती न होताच चाकं खरादवाल्याकडे गेली. तो चाक यंत्रावर धरून भोक पाडतो. त्याला दोन बाजू सारख्याच. त्यानं चारही चाकं मागची बाजू टेकवून धरली आणि भोक पाडलं. भोकाचा व्यास केसभरही चुकला नाही.

उतारावर टब सांभाळणारा पोचू कार्तिकात गेला. वळणावर दोर चाकाच्या खाचेतून निसटला, भरलेले सहा टब उलटे खाली आले. पोचू बाजूच्या कोनाड्यात जाऊ शकला नाही. बत्तीस वर्षांचा होता. लटारूभाऊंच्याच मुलखातला, गोंड. त्याच्या बापाचा, लालसूचा नांगर लटारूभाऊंनी केलेला. चार वर्षांपूर्वी खाणीवर माणसं लागत होती तेव्हा त्याला बोलावून घेणारेही तेच. पोचू माझ्या वर्गात झोपणाऱ्यांपैकी होता.

दुसऱ्या दिवशी मोडलेले टेकू बदलायला लटारूभाऊंना उतारावर पाठवलं. चाक काढून बाजूला ठेवलेलं होतं. त्यांनी भोकातून एक सरळ दांडा घातला, दोन दगडांवर टेकवला आणि चाक फिरवलं. कोळशाचा तुकडा खाचेच्या कडेशी धरला. गाडीचं चाक ते असंच तपासत आले होते. चाक सरळ असेल तर कोळसा सगळीकडे सारखा लागतो. इथे तो एकाच अंगाला लागला, पलीकडच्या अंगाला दोन सूत लांब राहिला.

त्यांनी वर्कशॉपातून साचा घरी आणून मोजला. रात्री जेवले नाहीत, असं धुरपताबाई सांगत होत्या. सकाळी शाळा भरायच्या आत माझ्या दारात उभे.

"बाई, जातं पाहिलं ना तुमी. खालची तळी गोल, वरची तळी गोल. दोन्हीचं माप बरोबर. पन मधातला खुंटा जराक कलला त काय होते?"

"वरची तळी डगमगते. एका बाजूनं भरड पडतं."

"हां. त खुंटा कलला हे कोन्या मापात येते? तळीच्या नाई. खुंट्याच्या जाडीत नाई. खुंटा अन् तळी यायच्यामधलं ते माप हाय. ते आपल्या कागदात नोतं."

तुंबा सहा इंच व्यासाचा, त्यात अर्ध्या सुताचा कल. चाक दोन फुटाचं. म्हणजे कडेपाशी तोच कल चौपट होतो. दोन सूत. मी पाटीवर मांडून बघितलं. बरोबर आलं. मांडता मांडता मला माझंच बोलणं आठवलं, आकडे सगळे आलेत ना. मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, "तुमाले काय मालूम बाई. मले मालूम होतं, मी बोललो नाई."

मग ते ओव्हरसियरकडे गेले. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. त्यानं कॅलिपर घेऊन आमच्यासमोर चाक मोजलं. घेर बरोबर. खाच बरोबर. भोक बरोबर. जाडी चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी मर्यादेत.

"आता काय म्हणणं आहे?"

"चाक डगमगते साहेब. फिरवून पाहा."

"कागदात दाखव मला. चाक डगमगू नये असं कुठे लिहिलंय?"

लटारूभाऊंनी चाकाच्या कडेवर बोट ठेवलं.

"कागद कलकत्त्याहून येतो," ओव्हरसियर म्हणाला. "त्यात चूक आहे असं मी वर लिहू? मी लिहू, की आमच्या वाढयाचं असं म्हणणं आहे?"

इनायतही आला होता. तो बाहेर उभा राहून लटारूभाऊंना म्हणाला, "भाऊ, मी त तुमची पूजा समजलो होतो. अल्लाची कसम. मी इज्जतीनं पुसलं."

"मले मालूम हाय, इनायत. तू गलत नाई केलं."

"मग गलती कोणाची?"

कंपनीची चौकशी झाली. तिचा कागद मी वाचला. मयत इसम नशेत होता व इशारा होऊनही मार्गातून हटला नाही. चाक पुन्हा चढवलं. बाकीची तीनही खाणीत फिरतच होती.

पोचू पीत नसे. त्याला पोटाचा आजार होता, सगळ्या वस्तीला माहीत होतं. माघात लटारूभाऊंनी आठ दिवसांची सुट्टी घेतली आणि मला म्हणाले, बाई, त्याच्या बापाले खरं सांगाले जातो, तुमी चला, कागद वाचून दाखवनारं कोनी पायजे. मी गेले. चांद्याहून वडशापर्यंत रेल्वे, तिथून मोटारीनं कुरखेडा, पुढे पायी. धुरपताबाईंनी भाकरी बांधून दिल्या होत्या. मी विधवा, पंचेचाळीस वर्षांची, मास्तरीण. कोण काय म्हणेल याचा विचार मनात आला, आणि गेला.

दुपार कलता आम्ही पोचूच्या गावात शिरलो. दहा-बारा घरं. लालसू अंगणात दोरी वळत बसला होता. लटारूभाऊंना बघून उठला, मग मला बघून पोचूच्या बायकोला हाक मारली. तिनं पाणी आणलं. तिनं आमच्याकडे बघितलं नाही.

लालसूला मराठी येत होती, पण तो थांबत थांबत बोलायचा. लटारूभाऊंनी साचा सोडला. मधल्या भोकात काठी घातली, फिरवून दाखवला. कसा चालायला हवा, आणि खाणीत कसा चालतो. त्यांनी गोंडीत सांगितलं, मराठीत सांगितलं. मुके झाले नाहीत. शेवटी म्हणाले, "तो पिला नोता, लालसूदादा. पोचूची चूक नोती."

लालसूनं साच्यावर हात फिरवला. म्हणाला, "कागद आनून वाचला होता एकानं. पोचू पिऊन होता म्हने. मी त्याच्या नावानं दहा जनांत मान खाली घातली. तेराव्याले कोनी आलं नाई जास्त."

"कागद खोटा हाय."

"कागद खोटा काऊन सांगल? कागदाले काय पडलं?"

मी म्हटलं, "कागदाला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो, बाबा." त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.

मग लालसू म्हणाला, "कंपनी पन वाईट नाई. झाडूले बोलावलं त्याईनं."

झाडू हा पोचूचा धाकटा भाऊ. मागच्याच वर्षी लग्न झालेलं.

"कुठी बोलावलं?" लटारूभाऊंनी विचारलं.

"भावाच्या जागी. त्याच कामावर. परवा गेला. आजपासून लागला असल."

म्हणजे वडशाला आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा तो कदाचित तिथेच फलाटावर उभा असेल. लटारूभाऊ खाली बसले. पोचूच्या बायकोनं तेवढ्यात पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं होतं. लालसूला समजलं नव्हतं. तो म्हणत होता, चांगलं काम हाय, सावलीतलं हाय.

आम्ही तिथे राहिलो नाही. लालसूनं राहा म्हटलं, वाळवलेल्या मोहाच्या फुलांची भाजी आहे म्हटलं. लटारूभाऊ म्हणाले, जाचं हाय. उजेड असेपर्यंत वाटेतल्या एका गावापर्यंत पोचता येईल, सकाळी कुरखेडा गाठता येईल. साचा त्यांनी पुन्हा फडक्यात बांधला.

वाटेत एक देवाचा दगड लागतो, शेंदूर लावलेला. मी हात जोडले. काय मागावं ते सुचेना. म्हटलं, झाडूला आजचा दिवस सांभाळ. उद्याचं मागायला धीर झाला नाही.

लटारूभाऊ माझं होईपर्यंत थांबले होते. मग म्हणाले, "बाई, मी एक विचार केला हाय. तुमी मधात बोलू नका, पूरा होऊ द्या."

"बोला."

"तीनदा आपन खरं सांगतलं. खरं असं हाय का कागद अपुरा हाय. पन कागद कलकत्त्याचा हाय. त्याले अपुरं म्हनाची इथी कोनाची हिंमत नाई. बरोबर?"

"बरोबर."

"पन वाढयानं साचा वाकडा केला, असं म्हनलं त? ते त्याईले एका दिवसात पटल. मंग त्या साच्याची चारही चाकं उतरवाच लागल. ठेवली अन् उद्या कोनी मेलं, त मंग त्याईच्यावर येईल. ते नाई ठेवनार."

मी चालायची थांबले. "तुमचा साचा वाकडा नव्हता, लटारूभाऊ. मर्यादेत होता. मी स्वतः मोजलाय."

"मले मालूम हाय."

"नोकरी जाईल. एक माणूस मेलाय, पोलिसांकडेही देतील. धुरपताबाईंचं काय?"

"तिले मी अजून सांगतलं नाई. ती मायबापाच्या गावी राहू शकते."

"आणि तुमचं नाव? पंचवीस वर्षं चाकं केलीत."

त्यांनी खांद्यावरचा साचा सावरला. मला वाटलं, तिथे ते माघार घेतील. म्हणाले, "ते लागते बाई. खूप लागते. म्हूनच तुमाले सांगून राह्यलो, नाईत कोन्याबी मुंशीकडून लिवून घेतलं असतं. एका मानसाले तरी मालूम असावं का साचा चांगला होता."

"मी खोटं लिहीत नाही," मी म्हटलं. "रोज देवापुढे बसते मी. असलं कागदावर कसं लिहू?"

"पोचू पिऊन होता हे ज्यानं लिवलं तो पन देवापुढं बसतच असल," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. दमलेल्या माणसासारखे ते बोलत होते.

जंगलात ऊन अजून होतं, पण जमिनीवरून सरकलं होतं. त्यांनी साचा खांद्यावरून खाली घेतला, झाडाला टेकवला आणि माझ्यासमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत, विनवणीही केली नाही. वर्गात एखादं गणित पुन्हा समजावून सांगा म्हणायचे तसे म्हणाले,

"मोठ्या साहेबाच्या नावानं लिवा बाई. लिवा का लटारू वाढयानं साचा वाकडा केला, त्याले मालूम होतं, अन् त्यानं सांगतलं नाई. चारही चाकं त्याच साच्याची हायेत, हे खाली वेगळ्या ओळीत लिवा, म्हंजे सुटनार नाई. कुरखेड्याले टपाल सकाळी निंगते. आज मुक्कामाले पोचलो का लगेच लिवून द्या."